सहावी कवटी

माझ्या मावशीला नवा माणूस भेटला की ती नाव नंतर विचारते, आधी हनुवटी बघते. मग कपाळ, मग गालाची हाडं, आणि समोरच्याने पाठ फिरवली की मानेच्या वरचा भाग. माझ्या वर्गशिक्षिका एकदा घरी आल्या होत्या. मावशीने त्यांच्या हातात पाण्याचा ग्लास दिला आणि अगदी मनापासून म्हणाली, "तुमची गालाची हाडं फार सुरेख आहेत हो. अर्धा सेंटिमीटर जास्त असती तरी बिघडलं असतं."

आईने मावशीला असा चिमटा काढला की त्याची खूण दोन दिवस गेली नाही. मॅडम मात्र निघताना दाराजवळच्या आरशासमोर जरा जास्तच रेंगाळल्या.

मावशी गेल्या महिन्यापर्यंत विद्यापीठाच्या एका विभागात कवट्या करायची. प्लास्टरच्या. लाखो वर्षांपूर्वीच्या माणसांच्या, आणि जे अजून धड माणूस झाले नव्हते त्यांच्या खऱ्या कवट्या जगात मोजक्याच आहेत आणि त्या तिजोरीत असतात. त्यांची नक्कल निघते, नकलेची नक्कल निघते, आणि त्या नकला हाताळून मुलं शिकतात. म्हणजे नकला करायचा उद्योग आमच्या घरात मी सुरू केलेला नाही. मी आवाजाच्या करते, ती हाडांच्या करायची, आणि पगार फक्त तिलाच मिळायचा.

तिची खोली तळघरात होती. खिडकी छताला टेकलेली, त्यामुळे बाहेरच्या रस्त्यावरचे फक्त बूट आणि चपला दिसायच्या. कोपऱ्यात एक मोठं सिंक, त्याच्या तळाशी वर्षानुवर्षं साचलेला प्लास्टरचा थर. भिंतीवर घासायच्या कानशी ओळीने टांगलेल्या, जाडपासून बारीकपर्यंत. आणि समोरच्या फळीवर पाच कवट्या, ज्यांना विभागात लांबलचक नावं आहेत आणि आमच्या घरात टोपणनावं. पहिली "धाकटी", मूठभर मेंदूची, तोंड पुढे आलेली. दुसरे "चघळे", दाढा आपल्या दुपटीच्या आणि गालाची हाडं बशीसारखी बाहेर. तिसरे "छज्जे", भुवयांवर हाडाचा असा आडवा छज्जा की पाऊस आला तरी डोळे कोरडे. चौथी "अंबाडा", कारण तिच्या डोक्याचं हाड मागे असं फुगलेलं आहे की कुणी केस बांधून ठेवलेत असं वाटावं. पाचवी "आपण". पाचांत हनुवटी फक्त तिलाच आहे.

आणि ज्या कवटीमुळे मी हे लिहायला बसले, ती सहावी.

मावशी चोवीस वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. मला ती तिने इतक्या वेळा सांगितली आहे, आणि दर वेळी सगळ्यांचे आवाज काढून सांगितली आहे, की त्यातल्या एकालाही न भेटता मला ते सगळे येतात.

त्याआधी ती कवळ्या करायची. एका दातांच्या कारखान्यात, म्हणजे दोन खोल्या आणि एक भट्टी. तिथले मालक मेणाची सुरी ओठात धरूनच बोलायचे. "शांधा दिशला? घाश. पुन्हा घाश. जिभेला केशशुद्धा खांबाशारखा वाटतो." कवळीचा साचा दोन भागांत असतो. ते जिथे जुळतात तिथे प्लास्टरची एक बारीक उभी रेघ राहते. ती राहिली की हिरडीला टोचते, आणि माणूस कवळी रुमालात गुंडाळून परत आणतो. मावशीच्या हातची एकही कवळी कधी परत आली नाही. सहा वर्षं तिने सांधे घासले, इतके की झोपेतही तिचा अंगठा तर्जनीवर फिरायचा, असं आई सांगते. मग मालकांची नजर कमी झाली, ते लेकीकडे राहायला गेले आणि कारखाना बंद झाला.

घरात कमावणारी ती एकटीच. आई तेव्हा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला, तिची फी आणि वसतिगृह मावशीच्या जिवावर. दोन महिने मावशी कामासाठी वणवण फिरली. तेवढ्यात विद्यापीठात साचेकाम करणारा माणूस हवाय असं कळलं.

ज्यांनी तिची मुलाखत घेतली त्या विभागातल्या प्राध्यापक. सगळे त्यांना नुसतं "बाई" म्हणायचे. बाईंचा आवाज काढायचा तर हनुवटी आत घ्यायची, श्वास पोटातून सोडायचा आणि प्रत्येक वाक्य खाली ठेवून द्यायचं. आवाज चढवायचा नाही. त्यांना कधी त्याची गरज पडली नाही. मावशीने सोबत नेलेली एक कवळी त्यांनी हातात घेतली, डोळे मिटले आणि तिच्यावरून बोट फिरवलं.

"सांधा कुठे आहे?"

"नाहीये, बाई. घासला."

"हं. तीन महिने बघू. तिसऱ्या महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी मी शेरा देईन. त्यावर तुमचं ठरेल."

बस. एवढ्यावर तीन महिने टांगलेले होते. शेरा चांगला आला तर नोकरी कायम. नाही आला तर आईचं नर्सिंग अर्ध्यावर, आणि दोघी बहिणी पुन्हा शून्यावर.

तिसऱ्या महिन्यात मोठं काम आलं. नऊ कॉलेजांना पाच-पाच कवट्यांचे नऊ संच पाठवायचे होते. बाई पंधरा दिवस कुठल्याशा उत्खननावर गेलेल्या. मावशीने मूळ प्रती समोर ठेवल्या, रबराचे साचे केले, डावा भाग आणि उजवा भाग वेगळा ओतला आणि जोडला. आतून पोकळ, नाहीतर वजन उचलवत नाही. कपाळापासून मागे मानेपर्यंत मधोमध सांधा. तो घासला. धाकटी झाली, छज्जे झाले, अंबाडा झाला, आपण झालो.

चघळ्यांच्या मूळ प्रतीवर डोक्याच्या माथ्यावर, टाळूच्या मधोमध एक उंचवटा होता. बोटभर लांब, दोन काड्या एकावर एक ठेवाव्यात एवढा उंच. मावशीने तो बघितला आणि तिला मनापासून कीव आली.

"मला वाटलं," ती अजूनही कपाळाला हात लावून सांगते, "ही प्रत ज्याने केली तो कुणीतरी गलथान माणूस असणार. एवढा मोठा सांधा तसाच ठेवून दिला! म्हटलं, बघा आता, काम कसं असतं."

आणि तिने नऊच्या नऊ चघळ्यांचा तो उंचवटा घासून काढला. आधी जाड कानस, मग बारीक, मग पॉलिश पेपर, शेवटी ओलं फडकं. नऊ टाळू अशा गुळगुळीत की त्यात खिडकीतले बूट दिसावेत.

बुधवारी बाई परतल्या आणि थेट वर्गावरच गेल्या. वर्ग म्हणजे मावशीच्या खोलीला लागूनच, मध्ये नुसती पातळ फळ्यांची भिंत. हेडक्लार्क सकाळीच येऊन गेले होते. हेडक्लार्क करायचे तर मान एका बाजूला, नाक बंद, आणि सुरुवात कायम तीच: "त्याचं काय आहे, गाडी उद्या सकाळी लागणार. खोकी आज बंद व्हायला हवीत. तपासल्याचा शेरा मी मारून ठेवलाय, बघा बुवा." खोकी न उघडता तपासल्याचा शेरा मारणारा तो माणूस.

चार वाजले होते. फक्त चघळे बांधायचे राहिले होते. मावशी कागद चुरगाळत बसली होती आणि भिंतीपलीकडून बाईंचा आवाज येत होता.

"बोटं कानशिलावर ठेवा. दात आवळा. सोडा. पुन्हा आवळा. बोटांखाली काय हलतंय?"

कुणीतरी म्हणालं, "मेंदू, बाई?"

"तुमच्या बाबतीत मला सांगता येणार नाही. बाकीच्यांचा स्नायू."

वर्ग हसला. इकडे मावशीनेही नकळत बोटं कानशिलावर ठेवली आणि दात आवळले. खरंच हलत होतं.

"हा चावण्याचा स्नायू," बाई सांगत होत्या. "खालच्या जबड्यापासून निघतो, गालाच्या हाडाच्या आतून वर जातो आणि कवटीच्या बाजूला पंख्यासारखा पसरून चिकटतो. आपण मऊ खाणारे, आपला अर्ध्या वाटेतच संपतो. आता याच्याकडे बघा. हा आपला आजोबा नाही. चुलत आजोबा म्हणा. याची शाखा पुढे संपली. पण चावण्यात याचा हात धरणारं आपल्या घराण्यात कुणी नाही. याचा स्नायू एवढा मोठा की डावीकडचा आणि उजवीकडचा, दोन्ही चढत चढत टाळूच्या मध्यावर येऊन भेटले. चिकटायला हाड पुरेना. मग हाडाने तिथे बांध घातला. पुढे या, बोट लावा. हा कंगोरा. पाचांपैकी फक्त याला आहे. कवटी कुणाची आहे हे अंधारात ओळखायचं असेल, तर आधी इथे बोट लावायचं."

मावशीची बोटं कानशिलावरून वर सरकत तिच्या स्वतःच्या टाळूवर आली होती. मग तिने समोर बघितलं. नऊ चघळे, ओळीने, अंड्यासारखे.

 टेबलाखाली पांढरी पावडर पडली होती. त्या पावडरीत नऊ कंगोरे होते.

इथे आल्यावर मी नेहमी म्हणते, "आणि तू ताडकन उठलीस आणि बाईंकडे गेलीस!" आणि मावशी दर वेळी मला थांबवते.

"खोटं. मी आधी झाडू शोधला."

"खरंच?"

"खरंच. पावडर गोळा केली, सुपलीत भरली, सिंकमध्ये ओतली, वर पाणी सोडलं. दोन चघळे कागदात गुंडाळलेसुद्धा. म्हटलं, मूळ प्रत एकच, ती इथेच, विभागात. त्या नऊ कॉलेजांतल्या कुणी ती बघितलेली नाही. त्यांना काय कळणार? परवा शुक्रवार. शेरा मिळाला की मग बघू."

"मग?"

"मग काय. तिसरा गुंडाळताना त्याच्या टाळूवर अंगठा फिरला. सवयीने. आणि एकदम मनात आलं, की आता नऊ गावांत नऊ बाई उभ्या राहणार, पोरांना सांगणार की या, बोट लावा. आणि पोरं बोट लावणार, आणि तिथे काहीच नसणार. पोरांना वाटेल बाई खोटं बोलतायत. बाईंना वाटेल आपलंच काहीतरी चुकलं."

वर्ग सुटेपर्यंत ती दाराबाहेर उभी राहिली, दोन्ही हातांत एकेक चघळे धरून. मुलं तिला वळसा घालून गेली. बाई बाहेर आल्या तसं तिने एका दमात सगळं सांगून टाकलं: सांधा समजले, घासला, नऊच्या नऊ, खोकी उद्या जाणार, आणि पावडर मी धुऊन टाकली, तीही लपवायलाच.

 बाई खोलीत आल्या. गुंडाळलेल्या उघडल्या. नऊ कवट्या टेबलावर लावल्या, डोळे मिटले आणि एकेकीच्या टाळूवरून बोट नेलं. पहिली. दुसरी. तिसरी. मावशी सांगते की नवव्या कवटीपर्यंत तिने आईला वसतिगृहातून घरी आणून, तिची ट्रंक उतरवून, तिच्यासाठी दुकानात काम शोधलंसुद्धा होतं. मनातल्या मनात.

"कानस कुठली वापरलीत?" बाईंनी विचारलं.

"आधी दोन नंबर, मग शून्य."

"हं. पुरावा नष्ट करणारे पुष्कळ बघितले. इतक्या सफाईने करणारं कुणी बघितलं नव्हतं."

मावशीला हे रागावणं आहे की काय आहे ते कळेना. तेवढ्यात छताजवळच्या खिडकीत दोन तपकिरी बूट धावत गेले आणि मिनिटभरात ते बूट घातलेले हेडक्लार्क दारात हजर.

"त्याचं काय आहे, गाडीवाल्याचा निरोप होता, खोकी..." त्यांनी टेबल बघितलं. सगळं ऐकून घेतलं. मान आणखी कलली. "माल खराब झाला म्हणजे कुणाच्या हातून झाला ते लिहावं लागतं, बघा बुवा."

"लिहा," बाई म्हणाल्या. "विभागाच्या हातून."

"विभागाला हात नसतात, बाई."

"असं? मग खोकी तपासल्याचा शेरा कुणाच्या हाताने मारलाय?"

हेडक्लार्कांनी खिशातून रुमाल काढला, उगाचच नाक पुसलं आणि गाडी दहा दिवस पुढे ढकलून आले.

बाई खुर्चीवर बसल्या. "तुम्हाला हा सांधा वाटला, कारण तुम्हाला कुणी सांगितलंच नाही की तो काय आहे. मी सांगितलं नाही. मी पलीकडे चाळीस जणांना सांगत होते आणि जिच्या हातून हे सगळं तयार होतं तिला भिंतीच्या अलीकडे ठेवलं होतं. उद्यापासून वर्गात पहिल्या बाकावर बसायचं. कानस घेऊन आलात तरी चालेल."

"आणि शुक्रवार, बाई?"

"शुक्रवार शुक्रवारीच येईल."

"बाई, तुमचे खरंच आभा..."

"आभार नकोत. कानस उचला. नऊ नवे कंगोरे हवेत. आणि या टकल्या नऊ फोडू नका. मला लागतील."

मावशी सांगते, ते दहा दिवस सगळ्यांत अवघड. सांधा घालवायचा आणि कंगोरा ठेवायचा, आणि दोन्ही एकाच रेघेवर. एरवी डोळे मिटून चालणारा हात आता केसागणिक थांबत होता.

त्यातल्या दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, शेरा आला. हेडक्लार्कांनीच तो आणून दिला, कागद दोन बोटांत लांब धरून. मावशीला तो तोंडपाठ आहे, मलाही. "हात उत्तम. स्वतःची चूक स्वतः घेऊन आल्या. कायम करावे."

आई नर्स झाली. ती नर्स झाली नसती तर बाबांचा मोडलेला पाय दुसऱ्याच कुणीतरी बांधला असता आणि मी कुठेच नसते. म्हणून या शेऱ्याचे माझ्यावरही उपकार आहेत, आणि मी तो पाठ केला यात विशेष काही नाही.

त्या टकल्या नऊ कवट्यांचं बाईंनी काय केलं, ते ऐका. प्रत्येक संचात एकेक टाकली. पाचांऐवजी सहा. सोबत पत्र: "या संचात चघळणाऱ्या चुलत आजोबांच्या दोन कवट्या आहेत. एक बरोबर आहे, एक आमच्याकडून चुकली आहे. कुठली आणि का, ते मुलांना शोधू द्या." चूक कुणाची, ते पत्रात नव्हतं. "आमच्याकडून" एवढंच.

दोन महिन्यांनी पत्रं यायला लागली. एका कॉलेजात मुलं तीन दिवस भांडली. निम्मी म्हणाली गुळगुळीत ती खरी, कारण तिची सफाई बघा! एका शिक्षकाने लिहिलं की पंधरा वर्षं कंगोरा शिकवतोय, पण तो कशासाठी असतो हे मुलांनी पहिल्यांदाच मला विचारलं. पुढच्या वर्षी नवी मागणी आली आणि तिच्यात लिहिलेलं: संच सहा कवट्यांचाच हवा.

म्हणजे मावशीने जी चूक केली, ती तिच्या कामाचा भागच होऊन बसली. दर संचाला एक चघळे कंगोऱ्यासकट करायचे, आणि दुसरे करून त्यांचा कंगोरा दोन नंबरने, मग शून्य नंबरने, घासून काढायचा. चौतीस वर्षं. "सगळे लोक चुका टाळायला पगार घेतात," बाबा तिला चिडवायचे. "वहिनी, तुम्हाला चूक करायला मिळतो." बाबा तिला वहिनी का म्हणतात हे एक कोडंच आहे. आई म्हणते, नात्यांच्या बाबतीत त्यांचाही कंगोरा कुणीतरी घासलाय.

मावशी पहिल्या बाकावर बसली. पुढे कधीतरी बाकावरून उठून टेबलापलीकडे गेली, कारण बाई मध्येच वर्ग तिच्यावर सोपवून निघून जायला लागल्या. ती मुलांना कवटी उलटी करायला लावायची. "खालचं भोक बघा. पाठीचा कणा इथून निघतो. मागे असेल तर मालक चार पायांवर. असं मधोमध असेल तर मान ताठ, दोन पायांवर. धाकटीचं बघा. मेंदू एवढासा, पण चालायची ताठ!" आणि मग टकले चघळे फिरवायची आणि म्हणायची, "हे माझं पहिलं काम." मुलांना वाटायचं, ती गंमत करतेय.

पण आभार राहिले होते. बाई ते घ्यायलाच तयार नव्हत्या. दिवाळखोर माणसाला सावकार दिसावा तसं ते वाक्य दिसलं की वाट बदलायच्या. मावशीने दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा "कानस उचला". तेव्हा तिने एक युक्ती केली. दुसऱ्या वर्षीच्या पहिल्या टकल्या कवटीचे दोन भाग जोडण्याआधी, डाव्या भागाच्या आतल्या बाजूला तिने दात कोरायच्या अवजाराने दोन शब्द कोरले: आभार, बाई. मग दोन्ही भाग जोडले, सांधा घासला, कंगोरा घासला. आता ते शब्द वाचायचे तर कवटी उलटी करून खालच्या भोकातून बॅटरी मारायला हवी. असं कोण करतंय?

तेव्हापासून प्रत्येक टकल्या कवटीत ते दोन शब्द आहेत. बाई निवृत्त झाल्या, भावाकडे दुसऱ्या गावी राहायला गेल्या, हेडक्लार्क गेले, नवे आले, मावशी कोरतच राहिली. बाईंना वर्षातून एखादं पत्र जायचं, त्यात कवट्यांविषयी लिहायचं, तब्येत विचारायची. आभार कवटीच्या आत.

गेल्या महिन्यात मावशी निवृत्त झाली. शेवटच्या संचात तिने एक टकली जास्तीची केली, ती कागदात गुंडाळली आणि मला म्हणाली, "चल. बाईंकडे जाऊ. आणि हे बघ, तिथे नकला नकोत."

बाई चौऱ्याऐंशीच्या आहेत. दुसऱ्या मजल्यावरची खोली, खिडकीत कुंड्या, टेबलावर मोठं भिंग. नजर जवळजवळ गेलेली. भिंगाशेजारी एक पिवळी पडलेली टकली कवटी होती, तिच्यावर त्यांनी चष्मा ठेवला होता, आणि आम्ही आत येईपर्यंत तो दोनदा घसरला.

"कंगोरा असता तर राहिला असता," बाई म्हणाल्या.

मी इतकी वर्षं त्यांचा आवाज काढत होते, आणि खरा आवाज माझ्या आवाजापेक्षा बारीक निघाला. पण वाक्य खाली ठेवून द्यायची रीत, तीच. 

मावशीने नवी कवटी त्यांच्या हातात दिली. बाईंनी डोळे मिटले, उगाचच, आता काय फरक पडणार होता. बोट कपाळावरून मागे गेलं.

"छान चुकलंय," त्या म्हणाल्या. मग कवटी उलटी केली आणि करंगळी खालच्या भोकात घातली. आत डावीकडे वळवली. पोचेना. "अजून लिहिताय का?"

मावशीचा चेहरा मी बघत होते. प्लास्टर घट्ट होताना गरम होतं म्हणतात, तसा होत गेला.

"तुम्हाला... माहीत होतं?"

"तुमच्या त्या नऊ कवट्यांनंतर एकही नग मी बॅटरी मारल्याशिवाय जाऊ दिला नाही. आतून, बाहेरून. दुसऱ्या वर्षीच वाचलं."

"मग बोलला का नाहीत, बाई?"

"तुम्ही कुठे मोठ्याने बोलला होतात?" बाईंनी टेबलावरची पिवळी कवटी जवळ ओढली. "ही ती पहिली. त्या संचात मी तुमच्याकडून दुसरी करून घेतली होती. तुम्हाला म्हटलं, हिला तडा गेलाय. तडा नव्हता."

मावशी खुर्चीवर बसली.   मग मावशीने ते वाक्य म्हटलं. चौतीस वर्षांनी, मोठ्याने, पूर्ण. "बाई, तुमचे खरंच आभार."

बाईंनी या वेळी वाट बदलली नाही. "हं," म्हणाल्या. "पोचले." मग माझ्याकडे तोंड वळवलं. "ही कोण? मघापासून श्वास रोखून बसलीये."

"बहिणीची मुलगी. नर्सिंगवालीची. नकला करते. तुमचीसुद्धा." मावशीने मला असं सरळ विकून टाकलं.

"माझी? करा बघू."

मी मावशीकडे बघितलं. तिने खांदे उडवले. मी हनुवटी आत घेतली, पोटातून श्वास सोडला आणि म्हटलं, "आभार नकोत. कानस उचला."

बाईंनी डोळे मिटून ऐकलं.

"चुकलंय," त्या म्हणाल्या. "'नकोत'वर इतका जोर नसतो. ऐका." आणि पाठ ताठ करून त्यांनी ते म्हणून दाखवलं, बारीक आवाजात, एकेक शब्द खाली ठेवत: "आभार नकोत. कानस उचला."

आणि शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या माझ्या मावशीचा हात, निवृत्त होऊन तीन आठवडे झाले होते तरी, जिथे एप्रनच्या खिशात कानस असायची तिथे गेला.